पिसवा अंगावर दिसतात, पण वाढतात घरात

पिंपळगाव राजा येथील एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांच्या घरी एक भाटी मांजर, तिची तीन पिल्ले आणि दारात राखणीचा कुत्रा आहे. त्या लिहितात की, पोळा झाल्यापासून घरात पिसवांनी उच्छाद मांडला आहे. लहान मुलांच्या घोट्यांवर, पोटऱ्यांवर लाल पुरळ उठते आणि रात्री कोणालाच धड झोप नाही. कुत्र्याला दोनदा साबण लावून धुतले, जंताची गोळीही दिली. तरी तीन-चार आठवड्यांत त्याच्या शेपटीखाली पुन्हा तांदळाच्या कण्यांसारखे किडे दिसू लागले. आता मोठ्या दिरांचे म्हणणे असे की, कपाशीवर मारायचे औषध घरात आहेच, तेच पातळ करून कुत्र्या-मांजरांवर फवारावे, म्हणजे एका दिवसात काम होईल. तर असे करावे का?

करू नये. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हे वाचून होईपर्यंत कोणी पंप पाठीवर घेतलेलाही असेल.

शेतातले औषध पिकाच्या पानासाठी बनवलेले असते. ते पानावर पसरावे, चिकटून राहावे म्हणून त्यात विषाबरोबर इतरही द्रव्ये मिसळलेली असतात. पान स्वतःला चाटत नाही, कुत्रे-मांजर चाटते. मांजर तर दिवसातला बराच वेळ अंग चाटण्यातच घालवते. म्हणजे तिच्या अंगावर टाकलेले औषध तिला पाजल्यासारखेच झाले. शिवाय त्याच कुत्र्याच्या गळ्यात घरातले मूल हात टाकणार आणि तेच हात तोंडात घालणार. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगायला नको. जे औषध धडधाकट माणसाला उघड्या शिवारात सोसले नाही, ते तीन किलोच्या मांजराला बंद घरात कसे सोसेल?

यावर काही शेतकरी बंधू बिनतोड वाटणारा प्रश्न विचारतात. ते म्हणतात, डॉक्टरसाहेब, तुम्ही कुत्र्याच्या मानेवर टाकायला जी नळी लिहून देता तिच्यावर फिप्रोनिल लिहिलेले असते, आणि आमच्या बाटलीवरही फिप्रोनिलच लिहिलेले असते. मग फरक किमतीचाच ना? नाव एकच आहे, हे खरे. पण नळीतले औषध कातडीवर थेंबाने टाकायचे, कातडीच्या तेलात मुरून राहायचे अशा रीतीने तयार केलेले असते. ते किती वजनाच्या जनावराला किती टाकावे हे ठरलेले असते. बाटलीतले औषध एकराच्या हिशेबाने बनवलेले आहे. एका कुत्र्याचे माप त्यातून काढायला घरात कोणाजवळही साधन नाही. झाकण भरून अंदाजाने ओतणे हे माप नव्हे.

दुसरा धोका गोठ्यातून येतो, आणि माझ्या मते तो जास्त वेळा येतो. बैलांच्या आणि गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ असलेले औषध बहुतेक गोठ्यांत कोनाड्यात ठेवलेले असते. गुरांना लावून उरलेले पाणी कुत्र्यावर ओतले जाते आणि मग उरलेसुरले मांजरावर. पायरेथ्रॉइड गटातली ही औषधे, विशेषतः परमेथ्रिन, मांजराला फार वाईट बाधतात. अशी विषे पचवून बाहेर टाकण्याची जी सोय कुत्र्याच्या आणि माणसाच्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात अगदी तोकडी आहे. म्हणूनच माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला विष ठरते. परमेथ्रिन लागलेल्या मांजराचे कान आणि कातडी फडफडू लागते, लाळ गळते, अंग थरथरते, पुढे झटके येतात. असे झाल्यास दूध पाजत बसू नये, ओकारी काढण्याचाही प्रयत्न करू नये. झटके चालू नसतील तर कोमट पाण्याने भांडी घासण्याचा पातळ साबण लावून अंग धुवावे, कोरड्या फडक्यात गुंडाळावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. बाटली आठवणीने न्यावी. कोणते विष आहे हे कळले की अर्धे काम सोपे होते. अंग आधीच झटक्यांनी वाकत असेल, तर धुण्यात वेळ घालवू नये, थेट निघावे.

रॉकेल, तंबाखूचे पाणी, फिनेल आणि मोटारीचे जळके ऑइल ही गावठी औषधेही याच पंक्तीत बसवतो. जळके ऑइल लावलेला कुत्रा दोन दिवस खाजवत नाही याचे कारण त्याची खाज गेली हे नसून त्याची कातडी भाजली हे असते. पूर्वी गमॅक्झिन पावडर सर्रास भुरभुरली जाई, त्या बी.एच.सी.वर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पिसवांचा संसार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कुत्रा दोनदा धुतला तरी पिसवा का जात नाहीत?

आपल्याकडे कुत्र्याच्या आणि मांजराच्या अंगावर सापडणारी पिसू बहुधा एकाच घराण्यातली असते. शास्त्रात जिला मांजराची पिसू म्हणतात ती, किंवा तिची अगदी जवळची बहीण. म्हणून मांजराला औषध केले आणि कुत्र्याला केले नाही, तर काहीच केले नाही असे समजावे. मोठी झालेली मादी पिसू जनावराचे रक्त पिऊन एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते, आणि दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी उवेच्या लिखेसारखी केसाला चिकटत नाहीत. मिठाच्या कणासारखी ती गुळगुळीत असतात आणि कुत्रा जिथे बसेल, उठेल, अंग झटकेल तिथे गळून पडतात. सगळी गोम इथे आहे. अंडी पडतात ती ओसरीवरच्या गोणपाटात, धान्याच्या बारदानात, मुलांच्या गोधडीत, गोठ्यातल्या कुटाराच्या कडेला आणि शेणाने सारवलेल्या जमिनीच्या भेगांत.

दोन ते दहा दिवसांत अंड्यातून बारीक अळी निघते. ती चावत नाही, रक्त पीत नाही. मोठ्या पिसवांची विष्ठा म्हणजे वाळलेले रक्त जमिनीवर पडलेले असते, त्यावर ती जगते. तिला उजेड नको असतो, म्हणून ती भेगेत, चटईखाली, पेटीच्या मागे सरकते. पुढे ती स्वतःभोवती कोष विणते. तो चिकट असल्यामुळे त्यावर धूळ-माती बसते आणि डोळ्यांना तो दिसतच नाही. या कोषावर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. आत तयार झालेली पिसू ऊब, पायांची धडधड आणि श्वासाची हवा लागेपर्यंत वाट पाहते. चार-पाच महिनेसुद्धा थांबू शकते. कुटुंब महिनाभर बाहेरगावी राहून परत आले, कुलूप उघडले आणि पाय ठेवताच पोटऱ्यांवर पिसवा चढल्या, असे पुष्कळांनी अनुभवले असेल. लोक म्हणतात, बंद घरात पिसवा झाल्या. झालेल्या आधीच होत्या, तुमची वाट पाहत होत्या.

घरातल्या सगळ्या पिसू-पसाऱ्यापैकी अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा शंभरात पाचच्या आसपास असतात, असा शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. उरलेला पसारा अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपाने जमिनीवर असतो. कुत्रा धुतला म्हणजे शंभरातल्या पाचांना हात लावला. अनुकूल हवेत तीन-चार आठवड्यांत एक पिढी पुरी होते, तेव्हा महिन्याभराने पुन्हा तेच दिसणार.

आपल्या हवेचाही यात भाग आहे. अळीला ओल लागते. कोरड्या हवेत ती सुकून मरते आणि कडक उन्हातही टिकत नाही. त्यामुळे वऱ्हाडातला एप्रिल-मे हा उघड्या अंगणापुरता पिसवांचा काळच आहे. पावसाळ्यात आणि पाऊस उघडल्यानंतरच्या उबदार, दमट दिवसांत मात्र त्यांना हवे ते सगळे मिळते. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तक्रारी वाढतात त्या यामुळे. गोठ्याचा अंधारा कोपरा आणि पाण्याच्या रांजणाखालची ओल उन्हाळ्यातही त्यांना सांभाळून घेते, हेही लक्षात असू द्यावे.

पिसू म्हटले की जुन्या माणसांना प्लेग आठवतो, म्हणून दोन शब्द सांगतो. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली मुंबई आणि कराचीतल्या साथींचा अभ्यास करताना मांडले. पुढे प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत केलेल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. प्लेगच्या घरांत ठेवलेल्या गिनीपिगांपैकी ज्यांचे पिंजरे बारीक जाळीने पिसवांपासून राखले होते ते बचावले. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगची साथ आली, तेव्हाही आधी पिसवांची तक्रार आणि मेलेले उंदीर हीच चिन्हे दिसली होती. आपल्या मांजराच्या अंगावरची पिसू ही उंदराच्या पिसवेहून वेगळी जात आहे. घरात पिसवा झाल्या म्हणून प्लेगच्या भीतीने कोणी मांजर पोत्यात घालून दूर सोडून येण्याचे कारण नाही. परंतु गावात उंदीर आपोआप मरून पडू लागले आणि त्याच सुमारास पिसवा वाढल्या, तर ती गोष्ट प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावी. मेलेल्या उंदराला हात लावू नये.

आधी ओळख पटवा

खाजवणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला पिसवाच असतात असे नाही. गोचीड एका जागी चिकटून बसते, पिसू केसांतून पळते. पिसू दिसली नाही तरी तिची खूण सापडते. जनावराला पांढऱ्या कागदावर उभे करून शेपटीच्या बुडाशी आणि कंबरेवर लिखांची बारीक फणी फिरवा. काळ्या मिरपुडीसारखे कण पडतील. त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवा. कण विरघळून तांबूस डाग पडला तर ते पचलेले रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा. डाग मातकट राहिला तर ती साधी धूळ. ही परीक्षा कोणत्याही घरात दोन मिनिटांत होते आणि तिला पैसा लागत नाही.

काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची वावडी असते. अशा कुत्र्याच्या अंगावर चार पिसवा असल्या तरी तो कंबर आणि शेपटीचे बूड चावून चावून केस काढतो. लोक त्याला खरूज समजतात. लहान पिल्लांची गोष्ट याहून गंभीर आहे. महिन्याभराच्या मांजराच्या पिल्लात रक्त असते किती? पन्नास-शंभर पिसवा रात्रंदिवस पीत राहिल्या तर पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, ते दूध ओढत नाही, थंड पडते आणि मरते. घरात मात्र म्हणतात की पिल्लू लागले नाही.

काय करावे

घर आणि जनावर यांना एकाच दिवशी हात घालावा. कोणत्याही एकापासून सुरुवात करून दुसरे पुढच्या आठवड्यावर ढकलले तर श्रम वाया जातात.

घरात जनावराच्या बसण्याच्या जागा आधी शोधा. त्या ठरलेल्या असतात. तिथले गोणपाट, फाटके पोते शक्य तर जाळून टाका. गोधड्या, चादरी, चवाळी कढत पाण्यात भिजवून धुवा आणि दिवसभर कडक उन्हात उलटसुलट वाळवा. पेट्या, कोठ्या, पलंग सरकवून भिंतीच्या कडेने झाडा, आणि केर उकिरड्यावर न टाकता जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. उकिरड्यावर टाकलेला केर पिसवांसह कुत्र्याच्या पायांनी परत येतो. मातीच्या जमिनीच्या भेगांत उकळते पाणी ओता, मग भेगा बुजवून सकाळीच सारवा, म्हणजे दिवसाउजेडी खडखडीत वाळेल. ओल राहू देऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे रोज झाडा. झाडण्याच्या धक्क्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि औषध लावलेल्या जनावरावर चढून मरतात. म्हणून औषधानंतर आठवड्याभराने पुन्हा पिसवा दिसल्या तर औषध खोटे निघाले असा निष्कर्ष काढू नका. कोष रिकामे होत आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

घरात फवारणी करावीच लागली तर घरगुती वापरासाठी असलेलेच औषध घ्या, मुले व जनावरे बाहेर काढा, आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजराला आत घेऊ नका. धान्य, पाणी, चूल झाकलेली हवी.

जनावरासाठी मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये, जिथे जीभ पोचत नाही तिथे केस बाजूला करून टाकायचे थेंब मिळतात. कुत्र्याची नळी वेगळी, मांजराची वेगळी. कुत्र्याची अर्धी करून मांजरावर टाकू नये. तिच्यात परमेथ्रिन असेल तर अर्धी नळीही घातक ठरते. थेंब टाकण्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. कुत्र्यांसाठी फ्लुरालॅनर, अफोक्सोलॅनर अशा खाण्याच्या गोळ्याही निघाल्या आहेत. त्यातली काही महिनाभर, तर काही तीन महिन्यांपर्यंत काम करतात आणि गोचिडांवरही चालतात. किंमत अर्थातच जास्त आहे. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. औषध कोणतेही असो, ते सलग तीन महिने चालू ठेवावे लागते. कोषांचे रहाटगाडगे त्याशिवाय थांबत नाही.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना यातले बहुतेक औषध चालत नाही. त्यांच्यासाठी फणी हेच औषध. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा फेस करून आधी मानेभोवती फेसाचे कडे करावे, म्हणजे पिसवा तोंडाकडे पळत नाहीत. मग अंग धुवून लगेच कोरडे करावे, ऊब द्यावी आणि रोज फणी फिरवून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी तीन पिल्लांसाठी हेच करावे. औषध पिल्लांच्या आईला व कुत्र्याला, आणि तेही दूध पाजणाऱ्या मांजराला चालणारे, डॉक्टरांना विचारून.

कडुलिंबाचे काय, हे विचारले जाणारच. पाला उकळलेल्या पाण्याने कुत्र्याला धुण्यास माझी हरकत नाही. खाज थोडी निवते. पण त्याने घरातले कोष मरत नाहीत. लिंबोळीचे तेल मात्र मांजराला लावू नये, ती ते चाटते आणि आजारी पडते.

तांदळाच्या कण्या कुठून येतात

आता पत्रातल्या त्या कण्यांविषयी. त्या म्हणजे फीतकृमीचे तुकडे. हा जंत आतड्यात फितीसारखा लांब वाढतो आणि त्याच्या शेवटाकडची पिकलेली पेरी गळून गुदद्वारातून बाहेर पडतात. ओली असताना ती काकडीच्या बीसारखी दिसतात आणि हलतात, वाळली की तांदळाच्या कणीसारखी होतात. पेऱ्यात अंडी असतात. ती जमिनीवर पडली की कुत्र्याने पुन्हा चाटली तरी त्याला जंत होत नाही. आधी ती पिसवेच्या अळीच्या पोटात जावी लागतात. अळीची पिसू होते, तिच्या पोटात जंताचे बाल्यरूप वाढते. ती पिसू चावते, कुत्रा दातांनी खाजवतो, पिसू गिळतो, आणि तीन आठवड्यांच्या आसपास नवा जंत पेरी टाकू लागतो.

यावरून कळेल की गोळी खोटी नव्हती. गोळीने पोटातला जंत मेला, पण कुत्र्याने दुसऱ्या दिवशी नवी पिसू गिळली. फीतकृमीवर प्राझिक्वांटेल हे उत्तम औषध आहे, पण पिसवांचा बंदोबस्त न करता ते देणे म्हणजे भोक पडलेली बादली भरणे होय. दोन्ही एकदम करावे.

हाच जंत माणसालाही होतो, आणि तो बहुधा अंगणात कुत्र्या-मांजराशी खेळणाऱ्या लहान मुलाला होतो. मूल पिसू गिळते, आईच्या लक्षातही येत नाही. मुलाच्या शौचात किंवा चड्डीत कणीसारखे तुकडे दिसतात. रात्री गुदद्वाराशी वळवळणारे पांढऱ्या सुतासारखे जंत हे वेगळे. त्यांचा कुत्र्या-मांजराशी संबंध नाही. दिसलेला तुकडा स्वच्छ बाटलीत घालून डॉक्टरांना दाखवावा. हा विकार सहसा गंभीर नसतो. पण २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुख्यतः मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे, ती दिली म्हणून या जंताची चिंता मिटली असे नाही. त्यासाठी डॉक्टर वेगळे औषध देतात. शाळेतली गोळी मात्र चुकवू नये.

मातीतले जंत अधिक वाईट

माझ्या मते फीतकृमीच्या कण्या डोळ्यांना दिसतात म्हणून लोक घाबरतात, आणि जे दिसत नाही त्याकडे दुर्लक्ष करतात. कुत्रीच्या पिल्लाला गोल जंत जन्माच्या आधीच, आईच्या पोटात असताना लागतो. आईच्या शरीरात दबून बसलेल्या अळ्या गाभण काळात जाग्या होऊन पिल्लात शिरतात, काही दुधातून जातात. म्हणून पंधरा दिवसांच्या पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले दिसते. लोक म्हणतात, पिल्लू छान गुबगुबीत आहे. हा जंत रोज लाखभर अंडी विष्ठेतून बाहेर टाकतो. ताजी अंडी बाधत नाहीत. मातीत दोन-तीन आठवडे पडून ती पिकली की मुलांच्या मातकट हातांतून पोटात जातात. माणसाच्या आतड्यात त्यांचा जंत होत नाही. अळ्या वाट चुकून यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात जातात. डोळ्यात गेल्यास त्या बाजूची दृष्टी जाऊ शकते.

या हिशेबात दिलासाही आहे. अंडी पिकायला दोन आठवडे लागत असतील, तर रोजची विष्ठा रोज उचलून पुरली की प्रश्न बराच सुटतो. फिनेलने ही अंडी मरत नाहीत. बांधकामासाठी दारात टाकलेला रेतीचा ढीग हे मांजराचे आवडते शौचकूप आणि मुलांचे आवडते मैदान असते. त्यावर रात्री ताडपत्री टाकावी.

अंकुशकृमी पिल्लांचे रक्त पितो. शौच डांबरासारखे काळे होते, हिरड्या पांढऱ्या पडतात. त्याच्या अळ्या ओल्या मातीत अनवाणी पायाच्या कातडीतून माणसात शिरतात. कातडीखाली नागमोडी, खाजरी लाल रेघ उमटते आणि ती रोज थोडी पुढे सरकते. रेघ दिसल्यास डॉक्टरांकडे जावे, विड्याचे पान बांधून बसू नये.

बकरे कापल्यावर यकृत-फुप्फुसात पाण्याने भरलेले फोड दिसतात. ते फोड कुत्र्यापुढे टाकू नयेत. त्यातून कुत्र्यात काही मिलिमीटर लांबीचा एक फीतकृमी होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर तसेच फोड माणसाच्या यकृतात वर्षानुवर्षे वाढतात आणि शस्त्रक्रियेची पाळी येते. असे अवयव खोल पुरावेत किंवा चांगले उकळावेत.

गोळी केव्हा, किती

कुत्र्याच्या पिल्लाला दोन आठवड्यांचे झाल्यावर पहिले पातळ औषध, मग दोन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी. मांजराच्या पिल्लाला तीन आठवड्यांपासून. पिल्लांबरोबर आईलाही द्यावे, हे हमखास विसरले जाते. कुत्र्यांच्या बहुतेक संयुक्त गोळ्या १० किलो वजनाला एक अशा मापाच्या असतात. वजन डोळ्यांनी ठरवू नका. धान्याच्या काट्यावर आधी एकट्याने उभे राहा, मग कुत्र्याला उचलून उभे राहा आणि वजाबाकी करा. गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्याला देणारे लोक गावोगाव फिरतात. ते टोचून घेऊ नये. त्याने फीतकृमी जात नाही, आणि काही जातींच्या कुत्र्यांना ते मेंदूपर्यंत बाधते. जंतावर लसूण चारतात, तेही बंद करावे. लसूण-कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या पेशी फुटतात.

गोळी गुळात दिली तर कुत्रा गूळ चाटून गोळी टाकून देतो. भाकरीच्या तुकड्यात लोणी लावून, आधी एक-दोन रिकामे तुकडे टाकून मग गोळीचा तुकडा टाकावा. मांजराला हे चालत नाही, ती वास घेते. तिच्यासाठी पातळ औषध मागावे. गल्लीतल्या, सगळ्यांच्या आणि कोणाच्याच नसलेल्या कुत्र्यालाही दर तीन महिन्यांनी गोळी मिळाली पाहिजे, कारण तो ज्या अंगणात बसतो ते आपलेच असते. चार घरांनी वर्गणी काढली तर खर्च जाणवत नाही. अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, तुकडा लांबूनच टाकावा.

गोचिडांविषयी आणि त्यांच्यापासून कुत्र्याला येणाऱ्या तापाविषयी बरीच पत्रे आली आहेत. ती पुढील आठवड्यात घेऊ.